वत्सलेला मी परत आणलं

प्रिय शैला,

पत्र लिहायचा मला नेहमीच कंटाळा. बाळंतपणाला तू माहेरी होतीस तेव्हाही "इकडे सर्व ठीक, काळजी नसावी" एवढंच लिहून मी कार्ड टाकलं होतं. आज मात्र लिहिल्यावाचून सुटका नाही. उद्या दुपारी प्रकाशक घरी येणार आहेत. तुझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायची म्हणतात आणि त्यासाठी माझी सही हवी आहे. त्याआधी मी काय करून बसलोय, ते तुला सांगायला हवं.

तुझी कादंबरी चौदा प्रकरणांची. छापून आली ती वीस प्रकरणांची. शेवटची सहा मी लिहिली, शैला. तुझ्या नावावर.

प्रकाशकांना म्हटलं, सगळं तिनेच सांगितलंय, मी फक्त टाइप केलं. त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? तुझी बोटं थरथरायला लागल्यापासून तीन वर्षं तू पडवीत खुर्चीवर बसून सांगायचीस आणि मी लॅपटॉपवर उतरवायचो. एवढ्या वर्षांच्या संसारात आपण एकमेकांजवळ इतका वेळ बसलो ते तेव्हाच! तुझं वाक्य कुठे वळतं, कुठे थांबतं, सगळं माझ्या बोटांत बसलं होतं. त्याच बोटांनी मी ही लबाडी केली.

तुझ्या नायिकेचा, वत्सलेचा नवरा कचेरीत कारकून. मारत नाही, पीत नाही, ओरडत नाही. फक्त बायकोला कधी काही विचारत नाही. सुरुवातीला टाइप करताना मी मनात म्हणायचो, काय हा माणूस! मग सहावं प्रकरण आलं. वत्सला चार दिवस तापाने फणफणलेली असते आणि नवऱ्याला ते शेजारीण सांगते तेव्हा कळतं. माझी बोटं थांबली. "काय झालं?" तू विचारलंस. "काही नाही, सांग पुढे," मी म्हणालो.

तो ताप मला आठवला होता, शैला. मी कचेरीतून आलो तेव्हा शेजारच्या काकू तुझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवत होत्या.

तू तरी एकदा स्पष्ट म्हणायचंस ना, अहो, हे तुमचंच आहे! नाही, हा ठपका मागे घेतो. चौदा प्रकरणं तू दुसरं काय सांगत होतीस?

चौदाव्याच्या शेवटी वत्सला घराला कुलूप घालते, किल्ली शेजारी देते आणि पालीच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीत बसते. गाडी सुटते. तू गेलीस, दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या घरी गेली, आणि मी एकटा ते शेवटचं पान पुन्हा पुन्हा वाचत बसलो. मला ते सोसवेना. म्हणून मी लिहायला घेतलं. वत्सलेला कोल्हापुरात दोन वर्षं ठेवलं आणि विसाव्या प्रकरणात परत आणलं. नवरा दारात उभा. तो तिच्या हातातली पिशवी घेतो, स्वतः चहा करतो आणि समोर बसून विचारतो, "कशी आहेस?" वत्सला रडते. संपलं.

लोकांना काय आवडलं म्हणून सांगू! तो चहाच. चिपळूणच्या एक निवृत्त बाई फोनवर रडल्या. एका गृहस्थांनी लिहिलं, "ताईंनी जाता जाता क्षमा शिकवली." आपल्या वाचनालयात कार्यक्रम ठेवला, तुझ्या फोटोला हार घातला, मला शाल दिली. कुणीतरी शेवटचं पान मोठ्याने वाचलं आणि सभागृह अगदी चिडीचूप झालं. मी हात जोडून उभा. लाज वाटली का? खरं सांगू? तेव्हा नाही वाटली. तेव्हा मला बरं वाटलं.

फक्त हिराबाई फसली नाही. बांगडे घेऊन यायची, पाटी उतरवून पडवीत बसायची आणि तू तिला आधी लिहिलेलं वाचून दाखवायचीस, तीच आपली मिरकरवाड्याची हिराबाई. तिच्या नातीने तिला पुस्तक पूर्ण वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या उभ्या म्हणाली, "भाऊ, ती परत कशी काय आली वो?"

"आली. तिला यावंसं वाटलं."

"नाय. बाय मला म्हणाली होती, ती आता जाणार ती जाणारच. ह्ये बायचं नाय."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणालो. तुझ्या पहिल्या वाचकाला मी हे बोललो! ती पाटी घेऊन चालू लागली. मासळी अजून देते, पण पडवीत बसत नाही.

मग दापोलीहून पत्र आलं. मेघना नावाच्या मुलीचं, तिशीच्या आतबाहेरची असेल. लिहिते, "नवऱ्याचं घर सोडून मी आईकडे आले होते. ताईंची कादंबरी वाचली, शेवट वाचून रात्रभर रडले आणि परत गेले. पाच महिने झाले. अजून त्यांनी मला काही विचारलेलं नाही. चार दिवसांसाठी पुन्हा आईकडे आले आहे, परत जावं की नाही ते ठरत नाही. ताई आता नाहीत, हे पुस्तकावर वाचलं. पण त्यांच्या घरी कुणी असेल तर कृपा करून कळवा: असा विचारणारा नवरा त्यांनी पाहिला होता का? की आपला लिहिला?"

उत्तर मला माहीत होतं. तू असा नवरा पाहिला नव्हतास.

फोन करावा असं वाटलं, पण धीर होईना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने दापोलीला गेलो. मेघना आईच्या कलमांच्या नर्सरीतून नुकतीच घरी आली होती, हाताला माती. मी नाव सांगितलं. तिला इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. आईला हाक मारून म्हणाली, "अगं, ताईंचे मिस्टर आलेत!"

मी म्हणालो, "ते शेवटचं पान तिचं नाही. मी लिहिलंय."

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. सहाही प्रकरणांचं सांगितलं.

"का लिहिलंत?"

"ती घरी यावी म्हणून."

तिने मातीचे हात एकमेकांवर झटकले. मग म्हणाली, "काका, तुम्ही तुमची बायको घरी आणलीत. बॅग मात्र मी भरली."

तिच्या आईने पुढ्यात ठेवलेला चहा मला घेववेना.

"आणि खरी गोष्ट?" तिने विचारलं. "त्यात ती कुठे जाते?"

"गाडीत बसते. गाडी सुटते."

"मग ते तिथे संपतं, की त्यांचं लिहायचं राहून गेलं?"

शैला, आजवर सगळ्यांना मी सांगत आलो की राहून गेलं होतं. स्वतःलाही तेच सांगत होतो. त्या मुलीपुढे ते तोंडातून निघेना. "संपतं," मी म्हणालो.

तुला आठवतं ना तो दिवस? तू शेवटचं वाक्य सांगितलंस आणि म्हणालीस, "झालं." मी विचारलं, "आजच्यापुरतं?" तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. मग डोळे मिटून मान मागे टेकवलीस. मला कळलं होतं, शैला. त्याच क्षणी कळलं होतं. पण न कळल्यासारखं करून मी लॅपटॉप बंद केला आणि म्हणालो, "बरं, उद्या पुढचं घेऊ."

अपुरं काम पुरं केलं असतं तर निदान तोंड दाखवायला जागा असती. मी तुझं पूर्ण झालेलं काम मोडलं.

चौदा प्रकरणांची प्रिंट मी सोबत नेली होती. मेघनाने ती घेतली. "निघा आता, गाडी चुकेल तुमची," एवढंच म्हणाली. आठ दिवसांनी तिचा मेसेज आला: "मूळ वाचलं. दापोलीतच राहते आहे, नर्सरीचं काम चालू ठेवलंय, तसं त्यांना कळवलंय. तुम्हाला माफ केलं असं समजू नका."

समजत नाही. पण तो मेसेज मी पुसलेला नाही.

आज सकाळी प्रकाशकांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काका, वाचक त्या शेवटावरच जीव टाकतात. आता हे कशाला उकरून काढता? ताईंचंच नाव खराब होईल."

"तिचं नाही. माझं होईल."

"चौदा प्रकरणांवर तोडलं तर लोक म्हणतील, पुस्तक अर्धं आहे."

"म्हणू देत."

"उद्या समक्ष येतो," ते म्हणाले. समजूत घालायला येणार आहेत, हे मला कळतंय. गोड बोलतात आणि मी गोड बोलण्याला भुलतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत!

म्हणून आजच तुला शब्द देऊन ठेवतो. नवी आवृत्ती निघाली तर तू जिथे थांबलीस तिथेच थांबेल. सुरुवातीच्या पानावर मी काय केलं ते माझ्या नावानिशी छापलेलं असेल. ते त्यांना मान्य नसेल तर सही होणार नाही. वाचनालयात जाऊन तीच शाल हातात घेऊन उभा राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन. आणि यापुढे तुझ्या नावाने मी एक अक्षरही लिहिणार नाही. जे लिहीन त्याखाली माझं नाव असेल.

तुझा,
अनंत