दसऱ्याचा हार आणि बंद मशीन

गुरुवार, संध्याकाळ

भाड्याचं भरतकामाचं मशीन पाकळीच्या वळणावर टाका सोडतं, म्हणून मी ते बंद ठेवलं आणि भाडं थांबवलं. कंपनीने दावा लावला. अशा दाव्यात बचाव करायलाही कोर्टाची परवानगी लागते; आज ती मिळाली नसती तर माझं न ऐकताच निकाल लागला असता.

त्यांच्या वकिलाने माझ्या कारखान्यातला दसऱ्याचा फोटो पुढे केला. "मशीनला हार आहे. म्हणजे चालू होतं!"

आमचे वकील फाइल चाळू लागले. मीच उठलो. "साहेब, आमच्या कॅम्प तीनच्या कारखान्यांत बंद मशीनलाही हार घालतात. उलट जरा मोठाच."

न्यायाधीश हसले का? मला तरी तसं वाटलं. परवानगी मिळाली.

आता कारखान्यात एकटाच बसलोय. सुकलेल्या हाराला अजून वास येतोय, की मलाच भास होतोय? खटला उभाच आहे. पण आता माझं ऐकल्याशिवाय निकाल नाही.