हाफटाइमनंतरच्या रिकाम्या पायऱ्या

शनिवार संध्याकाळ, ॲन आर्बर

बस चुकली म्हणून बर्फातून चालत आले. रस्ताभर डोक्यात ती थर्मॉसवाली बाई.

माझा थीसिस इंग्लंडमधल्या एका छोट्या गावाच्या फुटबॉल क्लबवर. त्यांच्या एका मॅचचे दोन जुने फोटो आहेत माझ्याकडे. पहिल्यात गोलमागच्या पायऱ्यांवर गर्दी, सगळ्यात पुढे थर्मॉसवाली बाई. हाफटाइमनंतरच्या फोटोत त्याच पायऱ्या रिकाम्या. मी सरळ लिहिलं, संघ हरायला लागला की गाव अर्ध्यातूनच घरी जायचं. गाइडला नेमकं तेच वाक्य आवडलं!

आज क्लबचे म्हातारे सेक्रेटरी वॉल्टर यांना व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले आणि विचारलं, दुसऱ्यात सगळे घरी गेलेत ना? ते हसतच सुटले. "घरी कोण जातंय? आपला संघ ज्या गोलवर चढाई करतो, त्या गोलमागे आम्ही उभे राहतो. हाफटाइमला संघ बाजू बदलतात, मग आम्हीही चालत दुसऱ्या टोकाला. फोटोवाला तेवढा जागचा हलला नाही."

आणि मी? चार वर्षं इथे अमेरिकेत बसून इतिहास लिहितेय, आणि तिथली एकही मॅच पाहिलेली नाही, यार. रिकाम्या पायऱ्या दिसल्या आणि अख्ख्या गावाला पळपुटं ठरवून मोकळी झाले.

मग वॉल्टर पुढे झुकले. चष्मा वर करून थर्मॉसवालीकडे बघत राहिले. "ही माझी बायको. कितीही हरत असलो तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबायची. आता नाहीये ती." मग म्हणाले, "तू त्या दिवसाबद्दल काय लिहिलंयस? वाचून दाखव ना."

नेट गेल्याचं नाटक करून मी कॉल कट केला.