कोचीची पूर्वतयारी

३१ मे, शनिवार
रिटायर झालो. निरोप समारंभ चांगला झाला. शाल लहान निघाली, पण असो. भाषणात माइक सोडवेना. शेवटी जाहीरच करून टाकलं की इतकी वर्षं मी मुलांना नकाशावर बंदरं दाखवली, आता सुलक्षणाला खरं बंदर दाखवणार. कोची! टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी विचारलं, सर, तुम्ही पाहिलंय का कोची? म्हटलं, कोची माझ्या तळहातावर आहे.
सुलक्षणाने अजून समुद्र पाहिलेला नाही. मीही तसा प्रत्यक्ष नाही, पण तापी जवळून पाहिली आहे आणि तापी शेवटी समुद्रालाच मिळते. म्हणजे वरचा भाग बघून झालाय.

२ जून, सोमवार
सकाळीच धुळे स्टेशनवर रांगेत उभा राहिलो. ललित पुण्याहून म्हणत होता, पप्पा, मोबाइलवर दोन मिनिटांत काढून देतो. नको म्हटलं. प्लॅनिंग माझं आहे. १ ऑगस्ट, मंगला एक्सप्रेस, जळगावहून, दोन खालचे बर्थ. ऑफ-सीझन आहे, हॉटेलं रिकामी असतात. याला डोकं लागतं.
घरी आल्यावर सुलक्षणा म्हणाली, कॅलेंडरमधलं श्रावणाचं पान एकदा बघून घ्यायचं होतं. मी हसलो. भूगोलाच्या माणसाला महिने शिकवते!

११ जून
संकल्प : (१) रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे. (२) मल्याळम शिकणे. (३) वजन कमी करणे.

१२ जून
उठलो होतो. ढग वाटले.

१९ जून, गुरुवार
कोचीत बोटीने फिरावं लागतं, तेव्हा बोट लागू नये म्हणून सराव सुरू केला. अंगणातल्या झोपाळ्यावर डोळे मिटून बसायचं आणि सुलक्षणाने झोका द्यायचा. सहाव्या झोक्याला उलटी झाली. सकाळची भजी शिळ्या तेलातली होती, दुसरं काही नाही. सुलक्षणाने स्वतः झोके घेतले, मजेत. तिला शास्त्रीय बाजू कळत नाही.

६ जुलै
मल्याळमचा पहिला धडा. अक्षरं सगळी गोल आहेत. तिथले लोक इंग्रजी बोलतात असं वाचलं. धडा बंद.
कोचीवर टिपणं काढायला घेतली. नैसर्गिक बंदर म्हणजे काय, गाळ कसा साचतो, जहाज धक्क्याला कसं लागतं. सुलक्षणाला तिथे उभं करून समजावून सांगायचं. तिने विचारलं, समुद्राचा आवाज कसा असतो हो? म्हटलं, गाळाचं प्रकरण झालं की तिकडे येऊ.

१५ जुलै, मंगळवार
सोनगीरहून यशोदावहिनींचा फोन. यंदा कानबाई आमच्या घरी, ३ ऑगस्टला, दोन दिवस आधी या.
३ ऑगस्ट! नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. खान्देशात पोराटोरांना माहीत असतं की त्या दिवशी कानबाई देवी बसते आणि सगळे भाऊबंद एका छपराखाली जमतात. सुरतेला असो की पुण्याला, माणूस येतोच. हे तिकीट खिडकीवरच्या माणसाने सांगायला हवं होतं. तोही धुळ्याचाच.
सुलक्षणाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ जुलै
सोनगीरला गेलो. सुपडूनानांना सांगितलं की काळ बदलला, देवीला भावना पोचते, आम्ही कोचीहून हात जोडू. नाना माझे थोरले भाऊ, ते वहिनींकडे बघू लागले. वहिनी गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कानबाई काय तुना रेल्वेना टाईम दखीसन येस का रे?"
मी लगेच धोरण बदललं. म्हटलं, वहिनी, गंमत केली. आम्ही तर येणारच, शिवाय ललित आणि त्याची दोन्ही मुलंही येतील. रोटासाठी त्यांच्याही नावाचे गहू घ्या. आमच्यात घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू मापतात आणि त्याचे हे जाड रोट होतात. वहिनी खूश. ललितला अजून विचारलेलं नाही, पण तो माझ्या शब्दाबाहेर नाही.

१७ जुलै
तिकीट रद्द, नवीन काढलं. ५ ऑगस्ट, मंगळवार. सोमवारी विसर्जन, मंगळवारी मंगला. पहिल्यापेक्षा ही तारीख चांगलीच आहे. वेटिंग आहे, पण हलतं.

२९ जुलै, मंगळवार
तिकीट कन्फर्म! म्हटलंच होतं.
ललितचा फोन. सुट्टी मिळत नाही, मुलांच्या परीक्षा. सुलक्षणाने त्याला आग्रह केला नाही हे मला खटकलं. वहिनींना आत्ताच सांगत नाही. शुभकार्यात अशुभ कशाला.

३ ऑगस्ट, रविवार. सोनगीर
कानबाई बसली. काय रूप! गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, पुरण. आमची मुलगी रूपा नाशिकहून आली. वहिनींनी ललित कुठे म्हणून तीनदा विचारलं. मी प्रत्येक वेळी खीर वाढून घेतली.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळ
विसर्जन झालं आणि वहिनींनी रोटांची वाटणी मांडली. माझ्यापुढे चार पुरुषांचे रोट. माझे, ललितचे, दोन्ही नातवांचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचे. पौर्णिमा शनिवारी. आमच्या घरचा नेम असाच आहे.
डब्यात भरून गाडीत खातो म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "बठ्ठा डबा परका लोकेसना शे. त्यास्नामा बसीसन रोट खाशी?" म्हणजे रेल्वेचा अख्खा डबाच परका. मग सुलक्षणा अर्धे खाईल असं सुचवलं. तेही नाही. "पोऱ्या उना नही ना, मंग बापनी खावाना."
नाना इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सख्खा भाऊ.

तोच दिवस, दुपार
मी निर्णय घेतला. माणसाने मोठं मन ठेवावं. तिकीट वाया जाऊ द्यायचं नाही, रूपाने आईबरोबर जावं. घरातल्या माणसाच्या नावावर तिकीट करून मिळतं, आदल्या दिवशी अर्ज द्यावा लागतो. ही युक्ती सांगायला मी स्वयंपाकघरात गेलो, तर सुलक्षणाने अर्ज लिहून ठेवलेला होता. रूपाच्या आधारची झेरॉक्सही जोडलेली. कधीची तयारी म्हणून विचारलं. ती म्हणाली, ललितचा फोन आला त्या दिवसापासूनची. आमचे विचार कसे जुळतात!
सही मात्र माझीच लागली.

५ ऑगस्ट, मंगळवार
जळगावला सोडायला गेलो. सुलक्षणाने नवी निळी साडी नेसली होती, गाडी यायच्या आधीच दहादा बॅग उचलली. अशी मी तिला कधी पाहिली नव्हती. बंदरात कुठे उभं राहायचं ते सांगत होतो, तेवढ्यात गाडी हलली. ती हात हलवत राहिली. मी गाडीबरोबर प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेलो. तेवढाच चालण्याचा संकल्प.
घरी आलो तर टिपणं फ्रिजवर.

७ ऑगस्ट
दोघी पोचल्या. रोट दुधात, रोट तुपात, रोट कुस्करून. शेजारचे निंबा सर वास घेत आले, त्यांना दारातूनच परत पाठवलं. वजनाचा संकल्प पुढच्या महिन्यात घेतो.
घर फार मोठं वाटतंय. झोपाळ्यावर बसून आलो. चक्कर आली नाही. आता सराव पक्का झाला.

८ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळ
व्हिडिओ कॉल. सुलक्षणा ओरडत होती, अहो बघा, बघा! पडदाभर निळंशार. मी लगेच सुरू केलं. म्हटलं, बघ, लाट नाही, पृष्ठभाग शांत, हेच नैसर्गिक बंदराचं लक्षण, या रंगावरून खोलीचा अंदाज येतो. बराच वेळ सांगितलं. तिकडे रूपा खोकल्यासारखं करत होती.
सुलक्षणा म्हणाली, "अहो, ही चहावाल्याची ताडपत्री आहे. थांबा, कॅमेरा फिरवते."
फिरवला.
थोड्या वेळाने ती म्हणाली, तुमचा आवाज येत नाहीये. म्हटलं, नेटवर्क गेलं असेल.