भोंग्यावरून घातलेली मागणी

पेद्रा मियूदा, १३ जून, संत अंतोनियोंचा दिवस

प्रिय बेल्मीरो,

तुला आणि वहिनींना या म्हाताऱ्याचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझा ठीक आहे. यंदा दुखतंय ते जरा वर, डाव्या बाजूला, आणि त्याचं कारण तुझी बहीण. (कागदावर लिहिलंय म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझा फोन वहिनी आधी वाचतात, म्हणून हा खटाटोप.) समोर संत अंतोनियोंची मूर्ती डोक्यावर उभी आहे. लग्न जमेपर्यंत त्यांना सरळ करायचं नाही, ही आपली रीत. त्यांच्या गुडघ्याचं काय होत असेल कोण जाणे.

मागच्या आठवड्यात राजधानीतल्या न्यायाधीशांनी ते निरोपांचं अ‍ॅप तीन दिवस बंद केलं, तुमच्याकडेही झालंच असेल. कंपनीने कोर्टाचा हुकूम मानला नाही म्हणे. तिला दंड करा, तिचा कान पिळा, माझी ना नाही. पण एका कोंबड्याने शेजाऱ्याचं परस उकरलं म्हणून साऱ्या गावाचे कोंबडे मुके करायचे, हा कुठला न्याय? इथे सकाळी सहाला फुलांचं चित्र आणि ‘सुप्रभात’ पाठवणं म्हणजे जिवंत असल्याचा दाखला. मंगळवारी कुणाचंच फूल उमललं नाही, आणि सात वाजता लेकीसुना आपापला म्हातारा तपासायला धावल्या. पाद्रीबाबांकडे नऊ जणांची चौकशी झाली. त्यातले सहा जण तिथेच रांगेत उभे होते, उरलेल्यांची चौकशी करायला.

माझी अडचण वेगळी. सोमवारी, चार महिने धीर गोळा करून, मी तुझ्या बहिणीला, आपल्या दोना इदालिनांना, आवाजी निरोप पाठवला होता. (सात मिनिटांचा. पहिली पाच मी खोकलो.) चोवीस तारखेच्या सांजुआंवच्या जत्रेत खोटं लग्न लावून नाचतात ना, त्यात यंदा माझी नवरी व्हाल का, आणि जत्रा संपल्यावरही तशाच राहाल का, असं विचारलं. उत्तर यायच्या आत बंदी पडली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! (घरी जाऊन का विचारलं नाही म्हणशील. समोर ‘नाही’ ऐकण्याएवढी छाती असती तर चार महिने लागले असते का?)

कोर्टात गेलो. अर्ज स्वतः लिहिला : उत्तर मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. कारकून म्हणाला, “आजोबा, हुकूम वरचा आहे. इथे फक्त कुंपणांचे खटले चालतात.” म्हटलं, “मग आमच्या दोघांत कुंपण पडलंय, असं लिही बाळा.” त्याने कॉफी पाजली आणि अर्जावर शिक्का मारला. कसला, ते त्यालाही कळलं नाही.

शेवटी झेनिवालला गाठलं. तो भोंग्याच्या गाडीतून मक्याच्या पामोन्या विकतो, आणि गावातल्या मयती नि हरवलेली कुत्रीही तोच पुकारतो. त्याला बजावलं, फक्त तिच्या दारात, हळू आवाजात विचार. “देओदातोकाका, माझ्या भोंग्याला हळू ठाऊकच नाही!” आणि पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून पठ्ठ्याने साऱ्या गावाला फेरी मारली. पामोन्या गरमागरम, ताज्या, गोड, आणि दोना इदालिना, देओदातो विचारतोय, लग्न करता का? दर चौकात! बायका खिडक्यांतून ओरडत होत्या, “इदालिना, हो म्हण गं, नि दोन पामोन्याही घे!” न्हाव्याच्या दुकानात मतदान झालं. अकरा जण ‘हो’च्या बाजूने, आणि एक मत, “तिने आधी त्याचा खोकला बघावा.”

गुरुवारी बंदी उठली. नागरिकांचे हक्क परत आले आणि त्यांच्यामागून वाटेत अडकलेलं तिचं सोमवारचं उत्तरही आलं. जसंच्या तसं देतो : “हो. पण वाल्दीरला मी स्वतः सांगेन. तोवर गावात एक अक्षर फुटता कामा नये.”

वाल्दीरला, म्हणजे तुझ्या भाच्याला, आईचं लग्न चौकात कळलं. हातात पामोन्या होती. (चांगली होती म्हणे.)

तुझा, हक्कांसाठी झगडलेला,
देओदातो

ता. क. सरकारची बंदी तीन दिवसांची होती. इदालिनाने फोनवर माझ्यावर घातलेल्या बंदीचा आज नववा दिवस. इथे ना अर्ज चालतो, ना शिक्का. तू तिचा थोरला भाऊ, तिच्यावरचं कोर्ट जगात दुसरं नाही. माझ्यासाठी दोन शब्द टाक रे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच खिडकीखालून झेनिवालची गाडी गेली. पामोन्या गरमागरम, ताज्या, गोड, आणि देओदातो, दोना इदालिना सांगतात, उद्या चारला कॉफीला या, वाल्दीरही आहे, येताना तोंड बंद ठेवा. संतांना पायांवर उभं केलं. तेव्हा वरची विनंती रद्द. फक्त हे कुणाला सांगू नकोस, आणि आपल्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस. तिथे मी आत्ताच टाकलंय.