मागचं मेंढरू जाईपर्यंत

तात्या, मी फ्रान्समध्ये सायकल चालवून आले. हे ऐकायला तुम्ही हवे होता. "कुटं म्हनलीस?" असं तुम्ही आधी विचारलं असतं, आणि मग तुमच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं, "तितं मेंढरं हायती का?" आहेत. त्यांच्यावरूनच सगळं आठवलं, म्हणून आज सोलापूरच्या घरात पंखा मोठा करून, कागद उडू नये म्हणून त्यावर डाळीची वाटी ठेवून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही होता तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तुमची नात तिकडे डोंगराळ भागातल्या एका लहानशा गावात नोकरी करते. तुमचे जावई गेल्यापासून तिचं एकच पालुपद चालू आहे, आई, सोलापूरचं घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. या उन्हाळ्यात तिनं मला ओढूनच नेलं. तिकडे गेल्यावर कळलं की घरात ती माझ्याशी बोलतच नाही. जेवतानाही एक डोळा कॉम्प्युटरवर. मी भाकरी थापते आहे, ती मान हलवते आहे, संपला संवाद. पण रविवार आला की बाईसाहेब वेगळ्या. मला एक बॅटरीची सायकल आणून दिली आणि डोंगरातल्या रस्त्यांवर घेऊन निघाली. एक मोटार जेमतेम जाईल एवढे ते रस्ते, पण डांबर असं की ताटात वाढून जेवावं. दोन्ही बाजूंना दगडी बांध, कडेला पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड, चढ संपला की एक गाव, गावात चर्च, चर्चसमोर पाण्याचा नळ आणि माणूस एक दिसेल तर शपथ. मागून गाडी आली तर हॉर्नही वाजवत नाही, जागा मिळेपर्यंत गुपचूप मागे मागे येत राहते. मला आधी वाटलं, ड्रायव्हरला झोप लागली असणार. पहिल्या चढाला मी ते बॅटरीचं बटण दाबलं आणि सायकल आपोआप पुढे सरकली तेव्हा, तात्या, मी मागे वळून पाहिलं. माळावरच्या चढाला तुम्ही उतरायचा आणि मला "तू बस" म्हणून कॅरिअरला हात लावून ढकलायचा, अगदी तसं झालं होतं.

तुमची ती काळी सायकल अजून डोळ्यांपुढे आहे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही ड्रेसर, पण सांगोल्याच्या त्या सगळ्या माळावर धनगरवाड्यातली माणसं तुम्हाला डॉक्टरच म्हणायची. सुट्टीच्या दिवशी मी मागे बसायचे, मांडीवर लशीचा थर्मास, आतल्या बर्फाचा खुळखुळ आवाज. मोठी सडक सरळ होती, तरी तुम्ही कधी तिनं गेला नाहीत. लांबून, गाडीवाटेनं, हिवराच्या झाडाखालून जायचं. ट्रकला भिता म्हणून आई तुम्हाला चिडवायची. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं. घरी तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आणि त्या रिकाम्या वाटेवर तुम्ही बोलत सुटायचा. मेंढीला जंत झाले कसे ओळखायचे, तुमच्या आईच्या हातची आमटी कशी असायची, मला मास्तरीण करायचं तुमच्या मनात कसं आहे, हे सगळं मी तुमच्या पाठीकडे बघत ऐकलं आहे.

आणि ती घंटी. सांगोल्याच्या बाजारातून तुम्ही मला चकचकीत घंटी आणली, सायकलला लावली, आणि त्याच दिवशी मला दांड्याखालून पाय घालून सायकल चालवू दिलीत. समोरून कळप आला. मला काय, वाजवायला निमित्तच हवं होतं. मी अशी घंटी वाजवली की मेंढरं उधळली, निम्मी ओढ्यात उतरली, एक मेंढी दगडावर आपटली. तुम्ही मारलं नाहीत. खिशातून पाना काढला, तिथल्या तिथे घंटी खोलून खिशात टाकली. "गाबन असत्यात त्यातल्या. भ्यालं की गाब पडतो," म्हणालात. "मेंढरं आली की उतरायचं, कडंला हुबं ऱ्हायाचं. मागचं लंगडं मेंढरू ग्येल्याबिगर पाय उचलायचा न्हाय. रस्ता त्येंचा हाय." पुढे मास्तरकी शिकायला मला सोलापूरला सोडायला आलात तेव्हा एसटी स्टँडवर खिशातून तीच घंटी काढून हातात दिलीत. "आता हितं वाजिव पायजे तेवडी," म्हणालात आणि परतीच्या गाडीत जाऊन बसलात.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही तुमचा राग येतो. आई गेल्यावर मी गावी आले होते. तुमच्यानं सायकल चालववत नव्हती, काठीसारखा तिचाच आधार घेऊन तुम्ही चालत होता. हिवराखाली मी म्हटलं, तात्या, सोलापूरला चला, खोली रिकामी आहे. तुम्ही हँडलवरची धूळ पुसलीत. "बगू की." एवढंच. मी सोलापूरला येऊन लोखंडी खाट घेतली, तुमच्या जावयांनी ती हातगाडीवरून आणली, वर नवी चादर घातली. दिवाळी आली, गेली. चादर धुवायची आणि परत घालायची. तुम्ही ना हो म्हणालात, ना नाही. मीही तुमचीच मुलगी, एकदा विचारलं ते विचारलं, परत तोंड उघडलं नाही. मग एका थंडीत तुमच्या शेजाऱ्यांचा फोन आला. त्या खाटेवर तुम्ही एकदाही पाठ टेकली नाहीत, तात्या. नाही म्हणायला तुमचं काय जात होतं?

परतीच्या आधीचा शेवटचा रविवार. आम्ही दोघी एका लांबलचक चढाला लागलो होतो. तुमची नात पुढे, मी मागे, आणि पुढे बघतच ती म्हणाली, "आई, तू राहा ना इथंच. मी खरंच विचारतेय. मला तू हवी आहेस." तिचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती. मी काही बोलणार तेवढ्यात वळणावरून मेंढरं आली. सगळा रस्ता भरून, गळ्यांतल्या घंटा वाजवत. तिचा अंगठा घंटीकडे गेला आणि माझ्या तोंडून ओरडाच बाहेर पडला, "वाजवू नगंस! गाबन असंल येखादी! उतर, उतर खाली!"

ती घाबरून उतरलीच. माझ्या तोंडी ही भाषा तिनं जन्मात ऐकली नव्हती. आम्ही बांधाला पाठ लावून उभ्या राहिलो. पायांना लोकर घासत होती, आणि वास, तात्या, तोच वास, तुमच्या सदऱ्याला यायचा तो. कळप संपला असं वाटून तिनं पाय उचलला, तसा मी तिचा दंड धरला. मागून एक लंगडी मेंढी आली आणि तिच्यामागे, तिच्याच चालीनं, काठी घेतलेली एक बाई. बाईनं आमच्याकडे बघून हात वर केला. "हे तुला कुणी शिकवलं?" तुमच्या नातीनं विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. आणि मग तिथेच उभ्या उभ्या तिला उत्तर दिलं. तुमच्यासारखं तिला लटकत ठेवायचं नाही, हे मी मनाशी ठरवलंच होतं. "मी नाही यायची गं," म्हटलं. "माझं सगळं सोलापुरात आहे." तिनं डोळे पुसले. "बरं," म्हणाली.

मग उतार होता, खूप लांब उतार. ती पुढे, मी मागे. मी स्वतःवर खूश असायला हवं होतं. सरळ बोलले, तुम्हाला जमलं नाही ते मला जमलं. पण सगळ्या उतारभर मी तिच्या पाठीकडे बघत होते आणि मनात एकच, ही आता वळून परत विचारेल. या वळणावर विचारेल. त्या पुलावर विचारेल. तिनं नाही विचारलं. तीही शेवटी माझीच मुलगी!

तिनं परत विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. आता या खाटेवर, तुमच्या खाटेवर, मीच झोपते, आणि डोळा लागेपर्यंत एकच गोष्ट घोळत राहते. हिवराखाली धूळ पुसून झाल्यावर तुम्ही जरा वेळ तिथेच थांबला होता. मला वाटलं, दम लागला असेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वाटीखालीच राहील. उद्या रविवार आहे, तुमच्या नातीचा फोन येईल. मेंढरं दिसली का, एवढंच विचारायचं मी आत्तापर्यंत ठरवू शकले आहे.