एकोणतीसपाशी अडलेली वत्सला

गुरुवार, १४ मे १९५९
चामराजपेट, बेंगळूर

वत्सला मंद नाही. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

आठवडाभर माझी पाच वर्षांची लेक अठ्ठाविसाच्या पुढे अडत होती. एकोणतीस म्हणायचं तिथे "वीस-नऊ" म्हणायची. काल माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे अक्का, आमच्या ह्यांच्यासमोरच म्हणाल्या, "पोर स्वल्प मंद आहे. यंदा शाळेत घालू नका." ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. तेच मला टोचलं.

आज दुपारी वत्सला शेजारच्या मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मोजत होती. कानडीत, पन्नासपर्यंत, एकही चूक नाही! कानडीत एकोणतीसला इप्पत्तोंबत्तु म्हणतात, म्हणजे वीस आणि नऊच की. मग पोरीचं चुकलं कुठे? मीच नुसतं घोकून घेत होते. एकोणतीस म्हणजे काय, हे मी तरी कधी सांगितलं?

संध्याकाळी तीस चिंचोके मांडले आणि त्यातला एक उचलला. "तिसाला एक उणा, म्हणून एकोणतीस."

तिने तो चिंचोका परत ठेवला, पुन्हा उचलला. "मग चाळिसाला एक उणा, एकोणचाळीस?"

मी लगेच अक्कांना आणि ह्यांना बोलावलं. पोरगी सुटलीच. एकोणपन्नास, एकोणसाठ, करत करत एकोणनव्वद, आणि शेवटी ठसक्यात, "एकोणशंभर!"

अक्का हसल्या. "नव्व्याण्णव ग!"

"का? शंभराला एक उणाच ना?"

अक्का पुटपुटू लागल्या, "नव्वद आणि नऊ..." म्हणजे वत्सलाच्या वीस-नऊसारखंच की! हे मात्र म्हणाले, "सरी, ठरलं तर. जूनमध्येच शाळेत घालू."