मागाच्या खड्ड्यातली पिल्लं

पाचपावली, नागपूर
ता. २७ जून १९३४

चि. सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाले काही लाज आहे का नाही, ते तूच सांग. बारा दिवस झाले, माग बंद! पावसानं मागाखालचा, पाय सोडून बसायचा खड्डा भरला, त्यात बेंडकानं अंडी घातली, अन् आता काळी, शेपटीवाली पिल्लं वळवळून राहिली. शेंबडात मिरे टाकले तसं दिसते. शी!

खड्डा उपसाले हेच बसले होते. पहिली बादली गल्लीत ओतली, तर पिल्लं उन्हात तडफडली, कोंबड्यांनी टिपली. ते पाहून या माणसानं बादलीच ठेवून दिली. म्हणतात, खड्ड्यात पाय सोडला तर चिरडतील. मी म्हटलं, मटण चापता तेव्हा कुठं जाते ही माया? तर म्हणे, बकरा मी मारत नाही.

जुलैच्या सोळा तारखेले तुझी पुष्पलता बोहल्यावर चढणार, अन् मामाच्या हातचं पिवळं लुगडं अर्धंच विणून पडलं. तू लिही त्याले. माझं तोंड दुखलं. माया तेवढी राहू दे.

चंद्रकला

उमरेड
ता. ३० जून १९३४

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग लग्नाचे दिवस मोजले. आम्ही व्याह्यांना छाती ठोकून सांगितलं, मामा स्वतः विणून देतो. आता बाजारचं लुगडं कोणत्या तोंडानं दाखवू? पुष्पलता तर दुसरं नेसणारच नाही म्हणते.

दादाला लिहून उपयोग नाही, तो मुका होऊन बसेल. पिल्लं तुम्हीच काढा. मातीच्या भांड्यात खड्ड्याचंच पाणी घ्या. विहिरीच्या ताज्या पाण्यात टाकली तर दगावतील. नाक दाबा वहिनी, पण एवढं करा. पिल्लांपायी माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका.

तुमची सत्यवती

पाचपावली, नागपूर
ता. ६ जुलै १९३४

चि. सौ. सत्यवतीस आशीर्वाद.

काढली वं, काढली! दुपारभर पालथी पडून, सुताले लावायची खळ गाळायच्या फडक्यानं. बोटाले असं बुळबुळ लागलं, की दोन दिवस हातानं जेवण गेलं नाही. पिल्लं ठेवली, अन् खळीची मातीची नांद बाटली ती बाटलीच.

तुझा भाऊ मागावर बसला. पण अट घालून: पाणी मी बदलवायचं, खायले मी घालायचं. उकडलेली भाजी खातात मेली, अन् तिथंच घाण करतात. काहींना मागचे पाय फुटले. एक मेलं, तर बाकीच्यांनी त्यालेच खाल्लं! मले ओकारी आली. तरी शेजारचं मांजर नांदेत तोंड घालाले आलं, तर झाडू घेऊन मीच धावली. काहून, ते विचारू नको.

लुगडं बारा तारखेले मागावरून उतरते. पण आता यांचं नवीनच. पिल्लं उड्या मारत निघून जात नाहीत तोवर घर सोडणार नाहीत. म्हटलं, नवरीचा हात धरून मामाच बोहल्यापर्यंत नेतो ना, तुम्ही जा, मले थांबू द्या. तर म्हणे, तू फेकून देशील! हातानं उचलली मी, अन् विश्वास एवढा.

म्हणून नांद बैलबंडीत घालून आम्ही दोघंही येऊन राहिलो. मांडवात, सैपाकापासून दूर, सावलीची जागा देतेस का, अन् व्याह्यांना काय सांगशील, ते मंगळवार दहा तारखेच्या आत लिही. चूप बसलीस तर नांद तुझ्या देवघरासमोर उतरवीन.

चिडलेली, पण तुझीच,
चंद्रकला